एका पाटाला दोन पाटकरी: घरातलं नेट नेमकं अडतं कुठे?

(या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त "म्हणजे ना" आणि "काय म्हणतात ते" थोडे कमी केलेत. मागून येणारा आवाज पत्र्यावरच्या पावसाचा आहे, त्याला इलाज नाही.)

लोकलमध्ये उभं राहून ऐकत असाल तर दाराजवळ उभे राहू नका, आणि रात्री अंथरुणात ऐकत असाल तर आवाज कमी करा, आई ओरडेल.

गेल्या भागानंतर तुमचे जे व्हॉइस मेसेज आले, त्यांतले निम्मे एकाच विषयावर होते. "दादा, वायफाय कनेक्टेड दाखवतंय पण नेट नाही." "हॉटस्पॉट चालू आहे पण लॅपटॉपला दिसत नाही." "माझ्या फोनवर चालतंय, ताईच्या फोनवर नाही, आणि घरात भांडण मात्र माझ्याशी." कुणी खोपोलीहून, कुणी चौकहून, कुणी नेरळहून. म्हटलं, यावर एक अख्खा भाग करूच. आणि तो करायचा तर आधी माझी स्वतःची फजिती सांगावी लागेल. सांगतो.

जुलैमधला तो दिवस

आमचं घर कर्जत तालुक्यात, कशेळ्याच्या बाजूला. एका अंगाला भीमाशंकरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला लांबवर माथेरान. चित्र काढायला जागा एकदम झकास, मोबाईलच्या रेंजला मात्र तेवढीच वाईट. टॉवर आणि तुमच्या मध्ये डोंगराची सोंड आली की संपलं. घर जुनं आहे. पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी, आणि मधली भिंत दगडमातीची, चांगली दोन फूट जाड. वर पत्रे.

फायबरचं कनेक्शन आलं तेव्हा त्याचा डबा ओटीवर बसवला, कारण वायर तिथूनच आत आली. ओटीवर नेट पळायचं, माजघरात रांगायचं, पडवीत मरायचं. धाकटी बहीण बारावी झालेली, तिचा अभ्यास, लॅपटॉप, सगळं माजघरात. ती रोज कटकट करायची. मग एका रविवारी मी ऑफिसातल्या मित्राकडून एक जुना राउटर आणला, ओटीवरच्या डब्यातून भिंतीवरून केबल नेली आणि तो माजघरात लावला. नाव तेच ठेवलं, पासवर्ड तोच. माजघरात एकदम फुल दांड्या! घरात माझी काय वट वाढली म्हणून सांगू. आजीने शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं.

दोन दिवस सगळं सुरळीत. मंगळवारी रात्री धो धो पाऊस, वारा, आणि लाईट गेली. आता ही आमच्याकडची गंमत बघा. आपल्या खोपोलीच्या वीजघरातून १९१५ साली मुंबईला वीज गेली. भिवपुरीचं वीजघर १९२२ चं. शंभर वर्षांहून जास्त काळ आपण मुंबईला उजेड देतोय, आणि आमच्या गावात ढग नुसता खाकरला तरी लाईट जाते. असो.

लाईट आली बुधवारी सकाळी अकराला. आणि बुधवारी संध्याकाळी पाच वाजता बहिणीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या ऑप्शन फॉर्मची मुदत संपणार होती. कॅप राउंड ज्यांनी केलाय त्यांना माहितीये. कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा आणि कन्फर्म करायचा. कन्फर्म झालं नाही तर त्या फेरीतून तुम्ही बाहेर. पुढची फेरी असते, पण तोवर चांगल्या जागा दुसऱ्यांनी नेलेल्या असतात. पोरीने दोन वर्षं पहाटेची लोकल पकडून क्लास केलेला. यादी तयार होती, मार्कांप्रमाणे, फीप्रमाणे, लोकलच्या वेळेप्रमाणे. शेवटच्या दिवसापर्यंत थांबली, कारण वरची तीन नावं ठरत नव्हती.

अकराला लॅपटॉप उघडला. वायफाय कनेक्टेड. खाली बारीक अक्षरात, इंटरनेट नाही.

मी जे जे चुकीचं केलं ते सगळं

मी ओटीवरचा डबा बंद केला, दहा आकडे मोजले, चालू केला. नेट नाही. परत केला. नाही. वायफाय "फर्गेट" करून पुन्हा जोडलं. नाही. लॅपटॉप रीस्टार्ट. नाही. लॅपटॉप उचलून ओटीवर डब्याला खेटून ठेवला. तरीही नाही!

बाराच्या सुमाराला बाबा बाजारातून आले, ओटीवर टेकले, आणि त्यांच्या मोबाईलवर कीर्तन सुरू झालं. वायफायवर. मस्त चालू. मी म्हटलं, असं कसं? तर आजी म्हणाली, "अरे बापाच्या फोनवर चालतंय ना, मग त्याच्यावरच भर की तिचा फॉर्म."

मी काय म्हणालो असेन? "आजी, तुला त्यातलं कळत नाही." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग हॉटस्पॉट. माझ्या फोनला रेंज मिळते ती गोठ्याच्या पत्र्याखाली, फणसाच्या बाजूला. बहीण आणि मी छत्री, लॅपटॉप, प्लास्टिकची पिशवी घेऊन तिथे. हॉटस्पॉट चालू केला, लॅपटॉपच्या यादीत तो दिसेचना. वीस मिनिटं गेली. मग लक्षात आलं की माझा फोन ५ गिगाहर्ट्झवर हॉटस्पॉट सोडतोय आणि बहिणीचा सेकंडहँड लॅपटॉप फक्त २.४ ओळखतो. सेटिंगमध्ये बँड बदलला, लगेच दिसला.

जोडला. आता फोनची बॅटरी १८ टक्के, रात्रभर लाईट नव्हती ना, आणि गोठ्यात कुठला आलाय प्लग. म्हटलं, यूएसबी केबलने जोडू, नेटही जाईल आणि लॅपटॉपवरून फोन चार्जही होईल. केबल लावली, फोन चार्ज होतोय, पण यूएसबी टेदरिंगचं बटण फिकट, दाबताच येईना. का? तर ती केबल कुठल्यातरी पंख्याबरोबर आलेली, नुसती चार्जिंगची. आत डेटाच्या तारा नव्हत्याच.

परत वायफाय हॉटस्पॉट. साइट उघडायला लागली... आणि मध्येच सगळं ठप्प. लॅपटॉपला बऱ्याच दिवसांनी नेट मिळालेलं. त्याने मागच्या मागे स्वतःचे अपडेट ओढायला घेतले होते. माझे दिवसाचे दीड जीबी गेले चुटकीसरशी. त्यानंतर स्पीड किती, तर ६४ केबीपीएस. एक हिशेब सांगतो. ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. दोन एमबीचं साधं पान उघडायला चार मिनिटांच्या वर. त्यात लॉगिन, त्यात ओटीपी. ओटीपी येईपर्यंत पान बाद.

एव्हाना दोन वाजलेले. बहीण रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती वहीत लिहिलेली कॉलेजांची यादी परत परत वाचत होती.

मी नेटवाल्यांच्या नंबरवर फोन केला. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, आमच्याकडून तुमची लाईन चालू दिसतेय." मी जे काही बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. त्यांनी माणूस पाठवतो म्हणून सांगितलं.

"हा शून्यवाला नंबर आमचा नाही"

साडेतीनला एक मुलगा आला. वय असेल बावीस-तेवीस. रेनकोट असून आतून बाहेरून भिजलेला, चपला हातात. मी त्याला ओटीवर चढू द्यायच्या आधीच सुरू झालो. "तुम्हा लोकांना फक्त बिल घ्यायला येतं. सकाळपासून नेट बंद आहे." वगैरे.

तो काही बोलला नाही. पाय पुसले. डब्यावरचे दिवे बघितले. मग विचारलं, "दादा, कुठल्या मशीनवर चालत नाही?"

मी म्हटलं, लॅपटॉपवर.

"आणि दुसऱ्या कशावर चालतंय का?"

मी म्हटलं, बाबांच्या फोनवर चालतंय, पण...

"मग लॅपटॉपला नंबर काय आलाय बघू."

वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याने आयपी अ‍ॅड्रेस काढला. १९२.१६८.०.१०५. मग बाबांचा फोन मागितला. त्यावर १९२.१६८.१.७. दोन्ही माझ्यासमोर धरले आणि म्हणाला, "दादा, हा एकवाला नंबर आमच्या डब्याचा. हा शून्यवाला नंबर आमचा नाही. घरात अजून एक राउटर आहे का?"

मंडळी, पावसाचा आवाज सोडला तर घरात एकदम शांतता. आजीने माजघराकडे बोट दाखवलं.

त्याने आत जाऊन माझा तो कौतुकाचा राउटर सॉकेटमधून काढला. लॅपटॉपचं वायफाय एकदा बंद करून चालू केलं. पान उघडलं. मोजून पाच मिनिटं लागली असतील. बहिणीने चार पंचविसाला फॉर्म कन्फर्म केला.

पाट आणि पाटकरी

आता हे काय झालं ते नीट सांगतो, कारण ही भानगड तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी बसलेली आहे.

आपल्याकडे राजनाला माहितीये ना? भिवपुरीच्या वीजघरातून वीज करून झाल्यावर सुटलेलं पाणी राजनाल्यात येतं आणि त्यावर उन्हाळी भात होतो. पाटाचं पाणी वाटायला पाटकरी असतो. आज याची पाळी, उद्या त्याची, हे तोच ठरवतो. घरातल्या राउटरमध्येही असा एक पाटकरी बसलेला असतो. त्याचं नाव डीएचसीपी. कुठलाही फोन, लॅपटॉप, टीव्ही घरातल्या वायफायला जोडला की तो आधी ओरडतो, "मला नंबर द्या, आणि पाणी कुठल्या दारातून येतं ते सांगा." पाटकरी सांगतो, "तुझा नंबर सात. आणि नेटचं दार हे."

मी काय केलं होतं? एका पाटावर दुसरा पाटकरी आणून बसवला होता. जुना राउटर त्याच्या लॅन भोकातून मुख्य डब्याच्या लॅन भोकाला जोडलेला, आणि त्याचा डीएचसीपी चालूच. त्यामुळे घरात नंबर वाटणारे दोघे. ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा नंबर लागतो, असा सरळ नियम. आणि जुना राउटर नंबर देताना सांगायचा, "नेटचं दार म्हणजे मी." त्याच्या मागे तर काहीच नव्हतं! नेट येण्याचं त्याचं भोक रिकामं. म्हणून कनेक्टेड, पण नेट नाही.

मग पहिले दोन दिवस कसं चाललं? कारण सगळ्यांकडे मुख्य डब्याने आधीच दिलेले नंबर होते. नंबर ठरावीक मुदतीसाठी मिळतो, तोवर यंत्र तोच वापरतं. मंगळवारी रात्री लाईट गेली, सगळं झोपलं. सकाळी लाईट आली तेव्हा जुना राउटर अर्ध्या मिनिटात उठला, फायबरचा डबा आळोखेपिळोखे देत दोन-तीन मिनिटांनी. तेवढ्यात लॅपटॉपने नंबर मागितला, आणि जागा होता तो चुकीचा पाटकरी.

आणि खरी मजा पुढे. मी जितक्यांदा ओटीवरचा डबा बंद-चालू केला, तितक्यांदा नंबर वाटायला एकटा जुना राउटरच उरला. म्हणजे दुरुस्ती म्हणून मी जे करत होतो, त्यानेच तिचा नंबर परत परत चुकत होता. लॅपटॉप ओटीवर नेला तरी त्याने तोच जुना नंबर पुन्हा मागितला आणि तो मिळालाही, कारण केबलने दोन्ही डबे एकाच पाटावर. बाबा बाराला आले, डब्याशेजारी बसले, तेव्हा मुख्य डबा पूर्ण जागा होता, त्याने आधी उत्तर दिलं. म्हणून त्यांचं कीर्तन चालू.

नेटवाल्यांची लाईन पहिल्यापासून चालूच होती. फोनवरची मुलगी खरं सांगत होती. दोष माझा होता, आणि ओरडा सगळ्यांनी खाल्ला.

जुना राउटर लावायचाच असेल तर

लावा. फुकट गेलेला डबा कामाला येतो, चांगली गोष्ट आहे. पण असा लावा.

आधी जुना राउटर एकटाच लॅपटॉपला जोडा, मुख्य डब्याला नाही. त्याच्या सेटिंगच्या पानावर जा. पत्ता बहुतेक राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो, साधारण १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. तिथे दोन कामं. एक, त्याचा स्वतःचा पत्ता बदला. मुख्य डबा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, आणि मुख्य डबा तो दुसऱ्या कुणाला वाटत नाही ना, एवढं बघा. दोन, डीएचसीपी बंद करा. सेव्ह करा. मग मुख्य डब्याच्या लॅन भोकातून याच्या लॅन भोकात केबल. वेगळ्या रंगाचं वॅनचं भोक रिकामं ठेवा. आता पाटकरी एकच, जुना डबा नुसता पाट पुढे नेतो.

काही राउटरमध्ये "अ‍ॅक्सेस पॉइंट मोड" असं तयार बटण असतं. असेल तर तेच दाबा, ही सगळी कामं तो स्वतः करतो.

आणि सेटिंगच्या पानाचा पासवर्ड "अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन" असाच ठेवला असेल तर तो आजच बदला.

कुठल्याही बिघाडाला चार प्रश्न

त्या मुलाने जे विचारलं तेच मी आता चार प्रश्नांत बांधलंय. क्रम महत्त्वाचा.

पहिला: सगळ्यांचं बंद आहे की एकाचंच? सगळ्यांचं बंद असेल तर डबा किंवा लाईन. एकाचंच असेल तर ते यंत्र, नाहीतर त्याला मिळालेला नंबर. मी हा प्रश्न स्वतःला विचारलाच नाही.

दुसरा: डब्याला स्वतःला नेट आहे का? नेटचा प्रवास दोन टप्प्यांचा असतो. तुमच्या फोनपासून डब्यापर्यंत एक, डब्यापासून जगापर्यंत दुसरा. वायफायच्या दांड्या फक्त पहिला टप्पा दाखवतात. फायबरच्या डब्यावर "पॉन" नावाचा दिवा स्थिर असेल तर काचेच्या तारेतून प्रकाश नीट येतोय. "एलओएस" लाल लागला किंवा मिचमिचत असेल तर बाहेर तार तुटलीये किंवा वाकलीये, तुम्ही घरात काहीही करून उपयोग नाही, फोन करा. हॉटस्पॉटलाही हेच. आधी ज्या फोनवरून हॉटस्पॉट देताय, त्याच फोनवर एक पान उघडून बघा. तिथेच उघडत नसेल तर लॅपटॉपला शिव्या देऊन काय होणार?

तिसरा: नंबर काय आलाय? चालणाऱ्या फोनचा आणि न चालणाऱ्याचा नंबर शेजारी ठेवा. तिसरा आकडा वेगळा असेल तर घरात दोन पाटकरी असण्याचा संशय घ्या. आणि नंबर १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याचा अर्थ कुणीच नंबर दिला नाही, विंडोजने कंटाळून स्वतःच एक लावून घेतला. तेव्हा केबल किंवा राउटर बघा.

चौथा: काल आणि आज यांत काय बदललं? नवा राउटर, नवा फोन, लाईट जाणं, रिचार्ज संपणं. हा प्रश्न स्वतःला विचारायला सगळ्यात अवघड जातो, कारण उत्तर पुष्कळदा "मी" असं येतं.

आणि बंद-चालू करायचंच असेल तर क्रमाने. आधी सगळं बंद. मग मुख्य डबा चालू करा, दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबा. मग दुसरा राउटर. सगळ्यात शेवटी फोन आणि लॅपटॉपचं वायफाय. एवढा धीर धरला की अर्ध्या तक्रारी मिटतात.

हॉटस्पॉटबद्दल, भराभर

"फाइव्ह जी वायफाय" आणि मोबाईलचं फाइव्ह जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वायफायच्या नावापुढचा पाच म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. वेग जास्त, पण भिंत आली की हाय खातो. २.४ हळू, पण भिंतीपलीकडे जातो. जुन्या लॅपटॉपला हॉटस्पॉट दिसत नसेल तर अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटचा बँड २.४ करा. आयफोन १२ किंवा त्यानंतरचा असेल तर पर्सनल हॉटस्पॉटच्या पानावर "मॅक्झिमाइझ कॉम्पॅटिबिलिटी" चालू करा. तरी जोडत नसेल तर अँड्रॉइडवर सुरक्षेच्या जागी डब्ल्यूपीए३ ऐवजी डब्ल्यूपीए२ निवडून बघा, जुन्या यंत्रांना तीन कळत नाही.

लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडला की पहिलं काम, त्या वायफायच्या माहितीत जाऊन "मीटर्ड कनेक्शन" चालू करा. म्हणजे विंडोज मोठे अपडेट ओढत नाही. हे मला माहीत असतं तर माझे दीड जीबी वाचले असते.

हॉटस्पॉट आपोआप बंद पडतो? कुणी जोडलेलं नसेल तर तो काही मिनिटांनी स्वतः बंद होतो, तशी सेटिंग असते. बॅटरी सेव्हर चालू असेल तर तोही घोळ घालतो.

सगळं बरोबर आहे, पण प्रत्येक साइट "सुरक्षित नाही" म्हणतेय? लॅपटॉपची तारीख बघा. जुन्या लॅपटॉपचा सेल उतरला की तो मागच्या कुठल्यातरी सालात जाऊन बसतो आणि सगळ्या साइट त्याला खोट्या वाटतात.

आणि हे एक पक्कं करून घ्या: पावसाच्या थेंबांनी मोबाईलची रेंज फारशी जात नाही. जाते ती टॉवरची लाईट गेल्यावर बॅटरी संपते म्हणून. त्यामुळे लाईट गेल्यावर पहिला काही वेळ रेंज असते. महत्त्वाचं काम त्या वेळेत उरका, रील नंतर.

लाईट आणि वीज

फायबरचं एक चांगलं आहे. बऱ्याच जोडण्यांत मधल्या खांबांवर प्रकाश वाटून देणारे जे डबे असतात त्यांना वीज लागतच नाही. कंपनीच्या टोकाला बॅकअप असेल आणि तुमच्या डब्याला वीज मिळाली, तर गावात अंधार असतानाही नेट चालू राहू शकतं. त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. पुष्कळ डबे १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे. अंदाजाने लावू नका.

आणि ढग गडगडायला लागले की प्लग काढा. आळस नको. फायबरची काच वीज वाहून आणत नाही, पण अ‍ॅडॉप्टरची वायर आणते. शेजारच्या घरात नेट द्यायला म्हणून छपरांवरून तांब्याची लॅन केबल ओढणारे महाभाग आहेत आपल्याकडे. ती केबल १०० मीटरपर्यंतच धड चालते हा एक भाग, पण पावसाळ्यात ती विजेला घरात यायचं आमंत्रण आहे. त्यात तुमच्या कनेक्शनवरून शेजाऱ्याने काही उद्योग केले तर पहिला फोन तुम्हाला येणार. द्यायचंच असेल तर पाहुण्यांसाठीचं गेस्ट वायफाय चालू करून वेगळा पासवर्ड द्या.

अजून एक, आणि हे गमतीत घेऊ नका. पावसाळ्याच्या रात्री घरातला एक फोन कायम भरलेला ठेवा आणि त्यावरून हॉटस्पॉट देऊ नका. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. वर जायला रस्ता नव्हता, मदतीची माणसं पावसात चालत गेली. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी इथे ज्याचं त्याचं कुणी ना कुणी कुठल्यातरी डोंगराच्या पायथ्याला होतं, आणि प्रत्येक जण एकच गोष्ट करत होता, फोन लावत होता. अशा वेळी पलीकडून "स्विच ऑफ" ऐकणं काय असतं, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना विचारा.

शेवटी

तो मुलगा निघाला तेव्हा आईने त्याला चहा दिला. तो ओटीवर बसला नाही, उभ्यानेच प्यायला, कारण त्याच्या कपड्यांतून पाणी गळत होतं. आई म्हणाली, बाळा, तुमच्याकडे नेट बरं असेल ना, तू यातलाच. तो हसला. म्हणाला, "आमच्या वाडीवर लाईन आलीच नाही अजून, काकी. रेंजपण टेकाडावर गेलं तरच."

मी त्याच्याबरोबर गाडीपर्यंत गेलो. माफ कर म्हणालो. तो म्हणाला, "चालतं दादा, पावसात सगळ्यांचंच डोकं फिरतं." आणि गेला, पुढच्या तक्रारीवर. सकाळपासून किती ठिकाणी त्याने हेच ऐकून घेतलं असेल!

मला अजून टोचतं ते हे की तोडगा आजीने बाराला सांगितला होता. बाबांच्या फोनवर नेट होतं, यादी वहीत होती, बारीक अक्षरात का होईना, फॉर्म तिथून भरता आला असता. मला फॉर्म भरायचा नव्हता, मला जिंकायचं होतं. म्हणून चार प्रश्नांच्याही आधीचा प्रश्न हा: मुदतीचं काम चालू असलेल्या यंत्रावर आत्ता होतंय का? होत असेल तर आधी ते करा. राउटर कुठे पळून जात नाही.

आजीची माफी मागायला गेलो तर ती म्हणाली, "मला त्यातलं कळत नाही." अजून ऐकवते. कालच टीव्हीचा रिमोट चालेना तेव्हा ऐकवलंन.

बहिणीला त्या फेरीत कुठलं कॉलेज मिळालं ते मी सांगणार नाही, ती म्हणते ती स्वतः एका भागात येऊन कॅप राउंडबद्दल बोलणार आहे. तुमचे प्रश्न आत्तापासून पाठवा, व्हॉइस मेसेज एका मिनिटाच्या आत ठेवा. आणि कृपा करून, पाठवायच्या आधी नेट चालू आहे का ते बघा.

जुना राउटर अजून माजघरात आहे. आता त्याचा नंबर १९२.१६८.१.२. तो कुणालाही नंबर वाटत नाही, निमूट काम करतो.

चला, भेटू पुढच्या भागात. ढग गडगडतोय, मी प्लग काढतो.